अकरावा मुद्दा

चौकशीचा पहिला अहवाल चौतीस पानांचा होता. त्यात त्या दुपारच्या वाऱ्यावर चार पानं होती, ढगांवर दीड, आणि आमच्या क्लबच्या अध्यक्षांच्या उड्डाणाच्या अनुभवावर चांगली तीन. आमच्या भावोजींच्या वाट्याला एक ओळ आली: ‘संबंधित तंत्रज्ञाने उपकरणाच्या वापराबाबत वैमानिकांना लेखी सावध केल्याचे आढळत नाही.’ एकोणतीस वर्षं हँगरमध्ये घालवली, त्याची किंमत ही एक ओळ. ऑफिसात बसून ती वाचली तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून पुरती खाली उतरलेली नाही.

मी त्यांची मेहुणी. माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, आणि मी त्याच क्लबच्या ऑफिसात एकोणीस वर्षं कारकून. टायपिंग, फायली, नोटिसा, सभेचं इतिवृत्त, सगळं माझ्याकडे. निःपक्षपातीपणे लिहायचा माझा अजिबात विचार नाही. तो मक्ता चौकशीवाल्यांनी घेतला आहे आणि त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

आमचा क्लब ग्लायडरचा. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं एक लहान विमान त्याला दोराने ओढत वर नेतं आणि सोडून देतं; मग तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधत वैमानिक तासन्‌तास तरंगत राहतो. इंजिन नाही म्हणजे वीज तयार करणारंही काही नाही. रेडिओ, यंत्रं, जे काही चालायचं ते सीटमागच्या एका बॅटरीवर. भावोजींचा सगळा जन्म त्या बॅटरीभोवती फिरला.

बॅटरी अर्धा व्होल्ट जरी कमी भरली तरी ते ग्लायडर सोडत नसत. म्हणून वैमानिकांनी त्यांचं नाव ‘अर्धा व्होल्ट’ ठेवलं. “अर्धा व्होल्ट आले, चला, आज घरी बसा,” असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि भावोजी मान हलवून मीटर पुढे करायचे. चिडल्याचं मी कधी पाहिलं नाही. चिडण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

मूळचे ते रेडिओ दुरुस्त करणारे. लग्न नवीन असताना त्यांच्या दुकानात क्लबचा एक वैमानिक मुका झालेला रेडिओ घेऊन आला. भावोजींनी तो तासाभरात बोलता केला, पण हातात देईनात. म्हणाले, हा कुठे बसवणार ते मला आधी बघायचंय. गेले आणि ग्लायडरच्या सीटवर डोळे मिटून अर्धा तास पडून राहिले. वैमानिकाला वाटलं, झोप लागली. ते हात लांब करून बघत होते, न पाहता कोणतं बटण कुठे सापडतं ते. तेव्हापासून प्रत्येक ग्लायडरमध्ये काही बसवायच्या आधी ते डोळे मिटून आत पडतात. स्वतः मात्र कधी उडाले नाहीत. कानाचा त्रास आहे, डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी मनाई केली. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना वर पाठवायचं आणि संध्याकाळी दारात उभं राहून मोजायचं, आठही ग्लायडर आली का.

घरीही तीच तऱ्हा. ताईच्या घरात एकही बटण लेबलाशिवाय नाही. पांढरी पट्टी, काळी अक्षरं: पंखा, दिवा, पंप. ताई म्हणते, एक दिवस माझ्याही कपाळावर चिकटवतील. मी पाहुणी म्हणून राहिले होते तेव्हा विचारलं होतं, भावोजी, पंख्याचं बटण दाबलं की पंखाच फिरतो ना, मग कशाला? तर म्हणाले, “फिरल्यावर कळतं गं. फिरायच्या आधी कळायला पाहिजे.” लेबलाचाही त्यांचा एक नियम होता, तो पुढे आमच्याच मुळावर आला म्हणून सांगते. काम पूर्ण झालं, वजन झालं, सही शिक्का झाला, की शेवटी लेबल. अर्धवट कामाला लेबल लावणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं मत.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या विमानतळाचे मार्ग बदलले. प्रवासी विमानं आमच्या डोक्यावरून उतरायला लागली. लगेच विमान सुरक्षा खात्याचं मार्गदर्शन आलं, चाळीस पानांचं, ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर बसवण्याबद्दल. ट्रान्सपाँडर ही मुठीएवढी डबी. जमिनीवरचं रडार विचारतं, ‘कोण आहेस, किती उंचीवर आहेस,’ आणि ही डबी उत्तर देते. ते उत्तर प्रवासी विमानातल्या यंत्रालाही ऐकू जातं आणि ते आपल्या वैमानिकाला ओरडून सांगतं, समोर कोणीतरी आहे. डबी नसेल तर ग्लायडर रडारला जेमतेम दिसतं, आणि डोळ्याला तर समोरून येताना एक पांढरी रेघ, तीही शेवटच्या क्षणी.

चाळीस पानं भावोजींनी दोनदा वाचली. त्यात जिथे तिथे ‘शक्यतो’ आणि ‘शिफारस करण्यात येते’. बसवणं सक्तीचं नाही, चालू ठेवणं सक्तीचं नाही, फक्त बरं दिसेल असा सूर. खात्यात बसून लिहिणाऱ्यांचं काय जातं? पानं मिटून भावोजी म्हणाले, “शक्यतो धडकू नका, एवढं लिहायचं राहिलं.” त्यांच्या तोंडून टोमणा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पाच आठवड्यांत त्यांनी क्लबच्या सातही ग्लायडरमध्ये डबी बसवली. नुसती डबी नाही. ती वीज खाते, आणि जुनी एकटी बॅटरी तिला लांबच्या उड्डाणात पुरणार नाही, म्हणून प्रत्येकात दुसरी बॅटरी, तिची चौकट, तिची तार. मग हातात तपासणीचं यंत्र घेऊन दहा पावलांवर उभं राहायचं, डबीला प्रश्न विचारायचा आणि ती खरं उत्तर देते का ते पाहायचं. मग तीन काट्यांवर चढवून वजन. आत वजन वाढलं म्हणजे वैमानिकाच्या वजनाची मर्यादा तेवढीच खाली येते, तिची नवी पाटी सीटसमोर. मग सही, शिक्का, आणि शेवटी लेबल. बटणापाशी पांढऱ्या पट्टीवर: ‘स्टँडबाय म्हणजे बंद.’

हे लेबल कशाला, तर डबीच्या बटणाला तीन जागा असतात. बंद, स्टँडबाय आणि चालू. स्टँडबायवर असताना छोटा पडदा छान उजळलेला राहतो, आकडे दिसतात, पण डबी कोणालाही उत्तर देत नाही. ग्लायडरवाल्यांना वीज वाचवायची जन्माची खोड. भावोजींनी ओळखलं होतं की कोणीतरी बटण एक घर मागे करणार आणि पडदा उजळलेला बघून निर्धास्त बसणार.

आता माझ्याकडे येते.

नियमाप्रमाणे भिंतीवर नोटीस लावायची होती. भावोजींनी आपल्या वहीत कार्बन घालून तीन पानं लिहिली, चौदा मुद्दे. वरची प्रत मला दिली, खालची वहीत राहिली. अध्यक्ष ऑफिसात आले, कागद उचलला, वाचला नाही, हातावर तोलून पाहिला. म्हणाले, एका पानात बसवा, भिंतीवर लावायचंय, कादंबरी छापायची नाही. आणि त्याच दिवशी सकाळी भावोजींनी माझा टाइप केलेला वजनाचा तक्ता परत पाठवला होता, एका दशांश चिन्हासाठी. सगळा तक्ता पुन्हा केला होता मी. डोकं तापलेलंच होतं. लाल पेन्सिल घेतली आणि मुद्दे कापत सुटले. अकरावा मुद्दा असा होता: ‘स्टँडबायवर पडदा उजळलेला राहतो. उजळलेला आहे म्हणजे डबी उत्तर देते असे नाही. त्या वेळी डबी उत्तर देत नाही. स्टँडबाय म्हणजे बंद समजावे. वीज वाचवण्यासाठीसुद्धा उड्डाणात स्टँडबायवर ठेवू नये.’ मला वाटलं, हा माणूस एकच गोष्ट चारदा सांगतोय. आणि लेबल लावलंच आहे की. आडवी रेघ मारली. अध्यक्षांनी सही केली, मी नोटीस लावली, भावोजींना दाखवलीसुद्धा नाही. ते तेव्हा एका ग्लायडरच्या पोटाखाली उताणे पडले होते.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले आणि अकरावा कुठे गेला, एवढंच विचारलं. मी म्हटलं, जागा नव्हती. दोन ओळीत बसला असता, असं म्हणाले. मी म्हटलं, भावोजी, अक्षर आधीच मुंगीएवढं झालंय. ते आल्या पावली परत गेले. त्यानंतर प्रत्येक वैमानिकाला गाठून तोंडी सांगायला लागले. अध्यक्षांनाही सांगितलं, माझ्या खिडकीसमोर, मी ऐकलं. अध्यक्ष त्या वेळी फोनवर बोलत होते आणि त्यांनी मान हलवली. पालथ्या घड्यावर पाणी.

आठवं ग्लायडर अध्यक्षांचं स्वतःचं. कार्बन फायबरचं, काळ्या-पांढऱ्या रंगाचं, आरशासारखं पुसलेलं. कार्बनमधून डबीचा आवाज बाहेर जात नाही, म्हणून अँटेना पोटाखाली बाहेर लावायला एक छोटं भोक पाडावं लागणार होतं. तेवढ्या भोकासाठी अध्यक्षांनी दहा दिवस घातले. जसं काही त्यांच्याच पोटात ड्रिल चालवायचं होतं. अखेर भोक पडलं, डबी बसली. मग दुसऱ्या बॅटरीची पाळी आली आणि तिथे गाडं अडलं.

त्या ग्लायडरमध्ये वैमानिकाची मर्यादा पॅराशूटसकट एकशे दहा किलो. डबी, तारा आणि अँटेना मिळून सव्वा किलो, दुसरी बॅटरी चौकटीसह अडीच. म्हणजे नवी पाटी एकशे सहाची. अध्यक्ष एकशे एक, पॅराशूट सात, बेरीज एकशे आठ. नियमाने त्यांना स्वतःच्याच ग्लायडरमध्ये बसता येईना. दुसरी बॅटरी वगळली तर मात्र बरोब्बर मावत होते.

त्यांनी भावोजींना सांगितलं, दुसरी बॅटरी राहू द्या. भावोजींनी सांगितलं, मग चौथ्या तासाला वीज संपेल, सही करता येणार नाही. अध्यक्ष म्हणाले, मार्गदर्शनात ‘शक्यतो’ लिहिलंय. भावोजी ग्लायडरकडे वळले. ग्लायडरच्या नाकाला लाल फडकी बांधली, ‘काम अपूर्ण, उडवू नये’, आणि हत्यारांचा डबा उचलून चालते झाले. लेबल लावलं नाही, कारण सही झाली नव्हती.

दोन किलो. माणूस दोन महिने जिना चढून उतरला असता तर प्रश्न मिटला असता. पण अध्यक्षांनी स्वतःचं वजन कमी करण्याऐवजी सहीचं वजन कमी केलं. पलीकडच्या धावपट्टीवरून एक सहीवाला बोलावला. तो माझ्याच ऑफिसात बसला, चहा प्यायला, कागद पाहिले आणि शिक्का उठवून गेला. ग्लायडरपर्यंत चालत जायचे कष्टही घेतले नाहीत. लाल फडकी कचऱ्याच्या डब्यात सापडली. भावोजींनी ती काढली, झटकली आणि वर्कशॉपमधल्या खिळ्याला टांगून ठेवली.

पुढे काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. अध्यक्ष लांबच्या उड्डाणावर गेले. चौथ्या तासाला बॅटरी मान टाकायला लागली. उड्डाणाची नोंद करणारं यंत्र बंद पडलं तर दिवसभराची कमाई गेली, म्हणून त्यांनी ट्रान्सपाँडरचं बटण एक घर मागे केलं. पंख्याचा वेग कमी करावा तसं. पडदा उजळलेला होता. त्यांना वाटलं, डबी कमी विजेवर चालू आहे. दहा मिनिटांनी एक प्रवासी विमान उतरायच्या मार्गावर ढगातून बाहेर आलं आणि त्यांच्या पंखाजवळून गेलं. अहवालात अंतर दिलंय, सत्तर मीटर. विमानात बासष्ट माणसं. खिडकीशी बसलेल्या एका बाईंनी जबाबात सांगितलं की ग्लायडरमधल्या माणसाची पांढरी टोपी दिसली, एवढं जवळ पाहून त्यांना वाटलं हे ठरवूनच असेल, म्हणून त्यांनी हात हलवला.

कोणाला ओरखडाही आला नाही. आणि ओरखडा आला नाही म्हणून सगळ्यांना बोलायला तोंड राहिलं. अध्यक्षांनी लेखी जबाब दिला: स्टँडबायवर डबी बंद असते, हे मला कोणी सांगितलं नाही; नोटिशीत नाही; बाकी सात ग्लायडरमध्ये तंत्रज्ञाने लेबल लावलं, माझ्याच ग्लायडरमध्ये लावलं नाही; म्हणजे त्याला धोका माहीत होता आणि तो त्याने माझ्यापासून लपवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. तो जबाब टाइप करायला माझ्याकडेच आला, आणि मी तो टाइप केला. दोन कळा तुटायच्या राहिल्या.

खात्याने भावोजींचा सहीचा अधिकार गोठवला. त्यांचा गोल शिक्का, क्रमांक कोरलेला, पाकिटात घालून सीलबंद झाला. तीन आठवड्यांनी सुनावणी. त्यानंतर अंतिम अहवाल. ती ओळ अंतिम अहवालात राहिली तर शिक्का कायमचा गेला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाने शेवटची दोन वर्षं हँगर झाडायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ते तीन आठवडे मी सगळ्यांवर चिडून काढले. खात्यावर, त्या ‘शक्यतो’वर, सहीवाल्यावर, अध्यक्षांच्या पोटावर. घरी भांडी आपटली, ऑफिसात फायली आपटल्या. मनातल्या मनात वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. आणि ऑफिसच्या कपाटात, डावीकडच्या तिसऱ्या फायलीत, ती तीन पानं होती. अकराव्या मुद्द्यावर आडवी लाल रेघ होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्या कपाटाकडे बघतच नव्हते. एवढी चिडले होते ती कशासाठी, हे आता कळतं. दुसऱ्यावर ओरडत राहिलं की स्वतःचं काही ऐकू येत नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ताईकडे गेले. भावोजी बाहेर पंपाशी काहीतरी करत होते. ताई कणीक मळत होती. मी विचारलं, त्यांनी वही घेतलीय ना, कार्बनची? त्या वहीत अकरावा आहे.

ताईने वर न बघता सांगितलं, “वही कपाटावर टाकलीय. मी म्हटलं न्या, तर म्हणाले, लागणार नाही.”

“लागणार नाही म्हणजे?”

“वही दाखवली की विचारणार, मग भिंतीवर का नाही लागलं. तुझं नाव येणार.” तिने हात धुतले. “एकटी आहेस तू. या वयात तुला कोण ठेवणार, असं म्हणाले.”

मला वाटलं होतं, ते विसरले. ते काही विसरत नाहीत. मी तिथे उभी होते आणि समोर भिंतीवर सगळ्या बटणांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या. ताई म्हणाली, जेवून जा. मी जेवले नाही.

सुनावणी क्लबच्याच सभागृहात झाली. लांब टेबल, मधे खात्याच्या चौकशी अधिकारी बाई, एका बाजूला अध्यक्ष आणि समितीचे दोघे, दुसऱ्या बाजूला एकटे भावोजी, इस्त्रीच्या शर्टात. टोकाला मी, इतिवृत्त लिहायला. माझ्या वहीखाली ती फाइल होती. रात्रभर ठरवलं होतं आणि सकाळी मोडलं होतं, असं दोनदा. बसले तेव्हाही काढीन की नाही ते मला माहीत नव्हतं.

अध्यक्ष बरंच बोलले. शब्द गोड होते. म्हणाले, आमचे तंत्रज्ञ प्रामाणिक आहेत, वय झालंय, एखादी गोष्ट राहून जाते, आम्ही त्यांना सांभाळून घेऊ. हे ‘सांभाळून घेऊ’ ऐकलं आणि माझं पेन कागदात रुतलं. ज्याने एकोणतीस वर्षं त्यांच्या जिवाला सांभाळलं, त्याला हे सांभाळून घेणार.

मग बाईंनी भावोजींना विचारलं, स्टँडबायबद्दल सूचना दिली होती का. ते म्हणाले, तोंडी दिली होती, प्रत्येकाला. बाईंनी विचारलं, लेखी?

भावोजींनी टेबलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला दिसलं. म्हणाले, “नोटिशीत नाही.”

खोटं नव्हतं. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, म्हणून त्याने खऱ्यातलंच सगळ्यात लहान वाक्य निवडलं. आणि माझा हात ते लिहायला लागला. ‘नोटिशीत नाही’ असं मी माझ्या अक्षरात लिहिलं. पूर्णविराम द्यायच्या आधी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले.

“बाई, नोटीस मी टाइप केली. त्यांनी लिहून दिलं होतं. अकरावा मुद्दा मी कापला.”

अध्यक्ष म्हणाले, इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी सभेत बोलायचं नसतं. मी फाइल उघडून तीन पानं बाईंपुढे ठेवली. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, ही कोणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी, आणि पेन्सिलही दाखवू शकते, अजून वापरते मी ती. कोणी सांगितलं होतं कापायला? मी म्हटलं, एका पानात बसवा असं अध्यक्षांनी सांगितलं. हाच मुद्दा काप, असं कोणी सांगितलं नाही. तो मी निवडला, कारण मला कंटाळा आला होता. आणि लेबल का लावलं नाही हे विचारायचं असेल तर वर्कशॉपमध्ये खिळ्याला लाल फडकी टांगली आहे, ती कचऱ्यातून काढली आहे, ती आणायला सांगा.

बाईंनी माणूस पाठवून फडकी मागवली. टेबलावर ठेवली तेव्हा तिच्यावर चहाचा डाग होता. समितीतले दोघे आपापली नखं पाहत बसले. मग मी बसले आणि मी जे बोलले ते सगळं इतिवृत्तात लिहून काढलं, कारण सभेत जे बोललं जातं ते लिहायचं, हे माझं काम आहे.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, “गरज नव्हती.” एवढंच, आणि सायकल काढून निघून गेले. पुढचे बारा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाचवायचं त्यांनी ठरवलं होतं आणि मी ते मोडलं, याचा राग. मीही बोलले नाही. मलाही राग होता, मला न विचारता मला वाचवल्याचा. ताई मधल्यामधे वैतागली.

अंतिम अहवाल आला. ती ओळ त्यात नव्हती. शिक्का पाकिटातून बाहेर आला. पलीकडच्या सहीवाल्याचा गेला, त्याचं मला काडीचं दुःख नाही. मला ताकीदपत्र मिळालं, आणि ऑफिसात टाइप करणारी मी एकटीच असल्यामुळे ते मीच टाइप केलं, तीन प्रतींत. अध्यक्ष अजून अध्यक्ष आहेत. निवडणुकीत दोन मतं कमी मिळाली एवढंच. याचा संताप मी मरेपर्यंत करणार आहे, माझ्याशी कोणी वाद घालू नये. त्यांच्या ग्लायडरमध्ये दुसरी बॅटरी बसली, सीटसमोर एकशे सहाची पाटी लागली, आणि भावोजींनी सहीनंतर लेबल लावलं. काट्यावर उभं राहून अध्यक्ष म्हणाले, दोनच किलो तर आहेत. भावोजींनी त्यांना काटा पुन्हा दाखवला. अध्यक्षांचं ग्लायडर हल्ली बऱ्याचदा हँगरमध्येच असतं.

नव्या नोटिशीचा हुकूम आला तेव्हा मी जुनी काढून टाकली आणि कोरा कागद मशीनला लावला. भावोजींचा एकही शब्द कमी न करता जसाच्या तसा तो मुद्दा टाइप केला, मोठ्या अक्षरात, चारदा सांगितलेलं चारदा. पानावर दुसरं काही नाही. आकडा मात्र बदलला नाही. वर ‘११’ असंच लिहिलं. वैमानिक येता जाता विचारत होते, पहिले दहा कुठे आहेत. मी म्हटलं, आधी हा वाचा.

भावोजी दुपारी आले. चष्मा चढवून भिंतीसमोर उभे राहिले. दशांश चिन्हासाठी तक्ता परत पाठवणारा माणूस. मला वाटलं, आता आकड्यावरून बोलणार. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरपासून वाचलं. आकड्याबद्दल काही बोलले नाहीत.

“शेवटी पूर्णविराम राहिलाय,” म्हणाले. खिशातून पेन काढलं, कागदावर तो टेकवला, आणि टोपण लावून हँगरकडे गेले.